आतली बाजू

गिटारची एक बाजू कोणालाच दिसत नाही. विकत घेणारा गोल भोकातून डोकावतो तेव्हा त्याला मागच्या फळीचा थोडा तुकडा दिसतो आणि बाकी अंधार. पुढच्या फळीच्या आतल्या अंगाला लाकडाच्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्यातल्या मुख्य दोन एकमेकींना फुलीसारख्या छेदतात. स्टीलच्या सहा तारांची ओढ मिळून ७० किलोच्या आसपास जाते आणि पुढची फळी असते जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाड. ती ओढ रात्रंदिवस पेलायला फळीला पट्ट्यांचा आधार लागतो. पट्ट्या नीट बसल्या आहेत की नाही, हे मागची फळी लावेपर्यंतच पाहता येतं. त्यानंतर ते फक्त बनवणाऱ्याला माहीत असतं.

मी माझी पहिली गिटार गोंदियात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बनवली. शिकवणारा माणूस समुद्रापलीकडे कुठेतरी होता आणि माझ्यासाठी तो फोनच्या स्क्रीनएवढा होता. पैसे भरून घेतलेला व्हिडिओ कोर्स होता. फोन मी फेविकॉलच्या डब्याला टेकवून ठेवायचो आणि लाकडाचा भुसा लागलेल्या बोटाने थांबव-चालव करायचो. माणूस शांत होता, नीट सांगायचा, काही लपवायचा नाही. त्याच्याबद्दल माझी आजही तक्रार नाही.

फुलीच्या पट्ट्या चिकटवायचा दिवस आला तो ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात. बाहेर बांध्या पाण्याने भरलेल्या, धानाची रोवणी आटोपलेली, आणि पत्र्यावर सतत पाऊस. व्हिडिओतल्या माणसाने पट्टी फळीवर ठेवली, मागून दिवा धरला आणि सांगितलं, उजेड आरपार येत असेल तर पट्टी अजून बसलेली नाही, काढा आणि पुन्हा घासा. मी दिवा धरला. एका बाजूला, बोटभर लांबीची, केसाइतकी बारीक उजेडाची रेघ दिसली. तीनदा घासून झालं होतं. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी सरस लावला आणि शिकंजा जोरात आवळला. सरस बाहेर आला, उजेड बंद झाला. तेवढ्यात स्क्रीनवर पाच, चार, तीन असे आकडे उलटे पडले आणि पुढचा धडा आपोआप सुरू झाला.

मला त्या रात्री हायसं वाटलं, हे कबूल करतो. समोर कोणी असता तर पुढचा धडा सुरू झाला नसता.

तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. ज्याला आपण दिसत नाही अशा गुरूकडून शिकलेल्या कामाची जबाबदारी कोणाची? आणि जे काम कोणीच पाहणार नाही, ते नीट करायचं तर कोणासाठी?

आपल्याकडे वाद्य बनवणं म्हटलं की मिरज आठवते. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथे हे काम पिढ्यानपिढ्या घरातल्या घरात शिकलं गेलं आहे, इतकं की आडनावच सतारमेकर झालं. पंढरपूरच्या बाजूचा भोपळा, त्यावर लाकडाची दांडी, आणि शेवटी जवारी. जवारी काढणं म्हणजे घोडीचा माथा कानसीने इतका बेताने घासणं की तार त्याला हलकीशी स्पर्शत राहील आणि सुरातून आणखी सूर निघत राहतील. किती घासायचं याचं माप नाही. मोठा माणूस शेजारी बसलेला असतो, तो ऐकतो आणि मान हलवतो. पोराच्या हातातून कानस काढून घेतो किंवा पुन्हा त्याच्याच हातात देतो. कसब असं एका हातातून दुसऱ्या हातात जातं.

हे चित्र लोभस आहे. त्याला दुसरी बाजूही आहे. आपल्या देशातली बरीचशी कसबं जिथे जन्म होतो त्या घरात मिळतात. वाढयाच्या पोराला रंधा मिळतो, कुंभाराच्या पोराला चाक मिळतं. बाहेरच्या पोराने दारात उभं राहून विचारलं तर नेहमीच दार उघडतं असं नाही आणि मुलीने विचारलं तर बहुतेकदा हसू येतं. गोंदियातल्या माझ्यासारख्या, बाप भात गिरणीत हिशेब लिहिणाऱ्या पोराला गिटार बनवायला कोणी शिकवलं असतं? मिरज इथून महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला. हावड्याच्या गाडीत बसलं तर कलकत्त्याला गिटारचे कारखाने आहेत, पण तिथे मी कोणाच्या ओळखीने जाणार होतो? व्हिडिओने मला जात विचारली नाही, आडनाव विचारलं नाही, दहावीला किती टक्के होते हेही विचारलं नाही. ज्या दारातून मी आत आलो ते दार खरंच मोठं आहे. जुन्या गुरूची आठवण काढून गहिवरणाऱ्यांनी आधी हे मान्य करावं.

मिरजेच्या गोष्टीतही एक गंमत आहे. १९व्या शतकात हे काम सुरू करणारे फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ हे शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारे. वाद्यं बनवणं त्यांच्या घरात नव्हतं. हत्यारांचं काम घटलं तसे ते वाद्यदुरुस्तीकडे वळले आणि तिथून वाद्यं घडवण्याकडे. आज जे घराणं परंपरा म्हणून ओळखलं जातं, त्याचा पहिला माणूस परंपरेच्या बाहेरून आलेला होता. फरक इतकाच की मिरजेत गाणारे-वाजवणारे होते. पुढे अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा गायक त्याच गावात राहिला. वाद्य हातात घेऊन ‘अजून नाही’ म्हणणारा कान तिथे गल्लीतच होता. फरीदसाहेबांना शिकवणारा नसेल, पण त्यांचं काम तपासणारे होते. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला फार उशिरा कळलं.

न पाहणारा गुरू ही काही मोबाइलने आणलेली नवी गोष्ट नाही. प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिस लिखाणाबद्दल नेमकी हीच तक्रार करतो. लिहिलेले शब्द चित्रासारखे असतात, त्यांना काही विचारलं तर ते गप्प राहतात, पुन्हा पुन्हा तेच सांगतात, आणि आपण कोणाशी बोलतो आहोत हे त्यांना कळत नाही. ही तक्रार सुमारे २४०० वर्षांपूर्वीची आहे. तरीही लोक पुस्तकांतून शिकत राहिले. अमेरिकेत १९६६ मध्ये अर्व्हिंग स्लोन यांचं गिटार बनवण्यावरचं पुस्तक आलं आणि जवळपास गुरू नसलेल्या कितीतरी हौशी लोकांनी अशा पुस्तकांवरून घराच्या गॅरेजमध्ये गिटारी बनवल्या. व्हिडिओ हा त्या पुस्तकाचा हलणारा, बोलणारा भाऊ आहे. तो जास्त दाखवतो, पण पाहत तोही नाही.

आपल्याकडे तर हे आणखी जुनं आहे. एकलव्याची गोष्ट निघाली की सगळे अंगठ्यापाशी थांबतात, आणि तिथे थांबायलाच हवं, कारण तो अन्याय होता. पण मला आता त्या आधीचे दिवस आठवतात, ज्यांच्याबद्दल गोष्ट फारसं बोलत नाही. मातीचा पुतळा बाण चुकला हे सांगत नाही. मग रोज संध्याकाळी चुकलेले बाण कोण मोजत असेल? एकलव्यच. धनुष्य पेलण्याइतकंच हे अवघड काम असणार, की समोर कोणी नसताना स्वतःचा चुकलेला बाण चुकलेला म्हणून मोजायचा.

मी माझा मोजला नव्हता.

कोणी म्हणेल, आता सोय आहे, फोटो काढून पाठवायचा, तज्ज्ञाला विचारायचं. मीही पाठवले. कोर्ससोबत तशी सोय होती. मी पट्ट्यांचे चार फोटो पाठवले आणि उत्तर आलं, छान काम, पुढे चला. ते उत्तर खोटं नव्हतं. चारही फोटो मी दुसऱ्या बाजूने काढले होते. मुद्दाम काढले होते का? तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. उजेड त्या बाजूने बरा होता, असं काहीतरी सांगितलं असतं. शेजारी बसलेला माणूस मात्र आपण जिथे बोट दाखवतो तिथे पाहत नाही, बोट जिथून लपतंय तिथे पाहतो. फोटो आपण काढतो, म्हणून फोटोत आपण दाखवू तेवढंच असतं.

आणखी एक गोष्ट व्हिडिओला कळणं शक्य नव्हतं, ती म्हणजे गोंदियाची हवा. कोर्समधल्या माणसाच्या खोलीत भिंतीवर आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र होतं आणि त्याचा काटा ४५ टक्क्यांवर होता. पट्ट्या चिकटवताना हवा कोरडी हवी, असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. कारण सरळ आहे. पावसाळ्यात लाकूड पाणी पिऊन आडवं फुगतं. त्या फुगलेल्या फळीवर पट्ट्या चिकटवल्या तर उन्हाळ्यात फळी आकसायला बघते, पट्ट्या तिला आकसू देत नाहीत, मग फळी खचते किंवा चिरते. आमच्याकडे ऑगस्टमध्ये कपडे चार दिवस वाळत नाहीत आणि मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. थंड देशातल्या स्प्रूसची फळी मी ऑनलाइन मागवली होती, तिने असं ऊन कधी पाहिलं नव्हतं. आर्द्रता मोजायचं यंत्र काही शे रुपयांना मिळतं. मी ते घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर पाऊस संपेपर्यंत थांबावं लागलं असतं.

म्हणजे त्याने सांगितलं होतं आणि मी ऐकलंही होतं. मी ऐकलं आहे की नाही, हे पाहायला तो तिथे नव्हता, इतकंच.

अंतोनियो दे तोर्रेस या १९व्या शतकातल्या स्पॅनिश कारागिराबद्दल एक आठवण सांगतात. आजच्या गिटारला तिचा आकार देणारा हा माणूस मुळात सुतारकाम शिकलेला. एकदा केवळ पुढची फळी महत्त्वाची हे दाखवायला त्याने १८६२ मध्ये बाजू आणि पाठ चक्क कागदाच्या लगद्याची करून गिटार बनवली होती. त्याच्या ओळखीच्या एका पाद्र्याने त्याला विचारलं की तुझं रहस्य मागे का ठेवत नाहीस. तोर्रेस म्हणाला, ते माझ्याबरोबरच जाणार, कारण ते माझ्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात आहे. फळी पुरेशी पातळ झाली का, हे ती दोन बोटं सांगतात. लोक याला कारागिराचा गर्व समजतात. मला वाटतं तो फक्त खरं बोलत होता. दाखवण्यासारखं सगळं दाखवल्यावरही जे उरतं ते ज्याचं त्याने स्वतःच्या बोटांत तयार करायचं असतं. आणि बोटं खोटं बोलू लागली तर ते तयारच होत नाही. ती उजेडाची रेघ झाकताना मी माझ्या बोटांना हेच शिकवलं होतं, की पाहिलेलं न पाहिल्यासारखं करायचं.

गिटार दिवाळीनंतर, मंडईच्या दिवसांत पूर्ण झाली. पाठ आणि बाजू आमच्या पाडलेल्या जुन्या घराच्या सागवानी दाराच्या. पहिल्यांदा तारा चढवल्या तेव्हा आवाज आला आणि मी शेडमध्ये एकटाच हसलो. चांगली वाजत होती. घरच्यांनी, मित्रांनी कौतुक केलं. फेब्रुवारीत ओळखीतली एक मुलगी आली. आमगावला कॉलेजात शिकते, लहान पोरांच्या शिकवण्या घेते. तिने वाजवून पाहिली आणि म्हणाली, “दादा, ही मला देता का? आठ हजार जमतील माझ्याकडे, दोन महिने थांबावं लागेल.”

मी हो म्हणालो. रात्री झोप लागली नाही.

मनात वकिली सुरू झाली. गिटार वाजते आहे ना? कारखान्यातल्या स्वस्त गिटारीही आतून कुठे साफ असतात? आठ हजारांत तिला बाजारात याहून वाईटच मिळेल. आणि ती पट्टी कदाचित कधीच सुटणार नाही. प्लेटोच्याच ‘रिपब्लिक’मध्ये ग्लाउकॉन एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. त्याला एक अंगठी सापडते, ती फिरवली की तो अदृश्य होतो, आणि अदृश्य झाल्यावर तो कशालाच मागेपुढे पाहत नाही. ग्लाउकॉनचा प्रश्न असा की अशी अंगठी मिळाली तर कोण सज्जन राहील? शाळेत असतो तर मी म्हणालो असतो, मी राहीन. पण बंद गिटारची आतली बाजू ही तशीच अंगठी होती आणि ती माझ्या हातात होती.

मी विचार करत होतो तो पट्टी सुटेल की नाही याचा. हळूहळू लक्षात आलं की प्रश्न पट्टीचा नाहीच. ती मुलगी आठ हजार रुपये लाकडाचे देत नव्हती. तिला आत पाहता येणार नव्हतं, म्हणून माझ्या पाहण्याचे देत होती. वस्तू विकणं म्हणजे एका अर्थाने साक्ष देणं असतं, की जिथे तुला पाहता येत नाही तिथे मी पाहिलं आहे आणि ते ठीक आहे. मी पाहिलं होतं आणि ते ठीक नव्हतं. पट्टी शंभर वर्षं टिकली असती तरी माझी साक्ष खोटीच ठरली असती.

दुसऱ्या दिवशी गिटार घेऊन गल्लीतल्या वाढई काकांकडे गेलो. त्यांनी आयुष्यात दारं, चौकटी, बैलगाड्या, आणि दंडारीवाल्यांसाठी एक-दोन ढोलक्यांची खोडं केली आहेत. गिटार कधी हातातही घेतली नव्हती. मी काही सांगितलं नाही. त्यांनी ती उलटीसुलटी केली आणि वाकवलेल्या बोटाच्या गाठीने पुढच्या फळीवर जागोजागी ठोकत गेले. एका जागी थांबले. पुन्हा ठोकलं.

“काऊन रे बाबू, इथं पोकळ काऊन वाजते?”

मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “तुले मालूम होतं, मंग बंद काऊन केलं?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढ्यात ते उठून इस्त्री शोधायला लागले होते.

मागची फळी काढायला सबंध दुपार गेली. कडेला इस्त्रीने ऊब द्यायची, सरस मऊ झाला की पातळ पातं सरकवायचं, एकेक इंच. फळी निघाली आणि आतली बाजू पहिल्यांदा उन्हात आली. मला एक पोकळी माहीत होती. काकांनी तीन दाखवल्या. उरलेल्या दोन मी लपवल्या नव्हत्या, मला दिसल्याच नव्हत्या. पहिली रेघ झाकल्यावर मी बहुधा पाहायचं थांबलो होतो.

त्या दुपारचं मला अजून आश्चर्य वाटतं. गिटारबद्दल सगळं माहीत असलेला माणूस माझं काम पाहू शकला नाही, आणि गिटारबद्दल काहीच माहीत नसलेल्या माणसाने एका मिनिटात पाहिलं. ज्ञान मला समुद्रापलीकडून मिळालं आणि डोळा गल्लीतून. व्हिडिओवरून शिकणाऱ्या कोणालाही मी आता इतकंच सांगेन. मग तो गिटार बनवत असो, केक बनवत असो की कोड लिहीत असो. शिकवणारा कुठलाही असू दे, पण आपलं काम प्रत्यक्ष हातात घेऊन ठोकून पाहील असा एक माणूस जवळ शोधा. तो त्या विषयातला नसला तरी चालेल. त्याच्यासमोर काम ठेवताना आपल्याला कुठला भाग पुढे करावासा वाटत नाही, हे आपलं आपल्यालाच कळतं. असा माणूस नसेल, तर ते काम स्वतः करावं लागतं. त्याला जास्त वेळ लागतो आणि रात्री साडेअकराला ते बहुधा होत नाही.

गुरूच्या ऋणाचंही मग कोडं उरलं नाही. व्हिडिओतल्या माणसाला माझं नाव माहीत नाही, त्याचे पैसे मी आधीच भरले होते. त्याने जे सांगितलं ते मी कोणी पाहत नसतानाही केलं, एवढीच दक्षिणा त्याला देण्यासारखी आहे. ती त्याला कधी कळणार नाही. तसं तर फरीदसाहेबांच्या हातच्या वाद्यांतही जे आतून नीट केलेलं असेल ते कोणी पाहिलेलं नसणार.

मी यंत्र घेतलं, शेडच्या भिंतीवर लावलं. मार्चच्या कोरड्या हवेत तिन्ही पट्ट्या सोडवल्या, घासल्या, दिवा धरून पुन्हा चिकटवल्या. मुलीला फोन करून खरं काय ते सांगितलं, आणि नको असेल तर नको म्हण, असंही. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, “बंद करायच्या आधी मी येऊन पाहू का?”

ती रविवारी आली. मी तिच्या हातात टॉर्च दिला. तिने बराच वेळ पाहिलं, मग तीन जागी मी केलेल्या पेन्सिलीच्या खुणांवर बोट ठेवून विचारलं, “हे काय आहे?”

“इथे मी चुकलो होतो,” मी म्हणालो.

“पुसू नका,” ती म्हणाली. त्या खुणा आत तशाच आहेत.